खोक्याच्या झाकणावरची हजेरी: अडकलेली मजुरी सगळ्यांनी मिळून कशी मागायची

सांवेर रोडच्या औद्योगिक भागात खोकी बनवणाऱ्या एका कारखान्यात मी अकरा वर्षं पेस्टिंगला होते. पुठ्ठ्याची शीट समोर आली की कडेला खळ लावायची, दुमडायची, तळव्यानं दाबायची, पंचवीस झाली की सुतळीनं गठ्ठा बांधायचा. मागच्या दिवाळीनंतर मनगटानं जवाब दिला, तेव्हापासून घरी शिवण करते. पण रविवारी दुपारी नंदानगरातल्या आमच्या ओट्यावर कुणी ना कुणी येतंच. "दीदी, ठेकेदारानं दोन महिन्यांचे पैसे दाबून ठेवलेत. काय करू?" दर वेळी तेच सांगते, म्हणून आता सगळं लिहून काढते आहे. इंदूरची आपली मराठी माणसं कुठं मशीनवर आहेत, कुठं सुपरवायझर, कुठं हिशेबाच्या टेबलावर. तिन्ही ठिकाणच्यांना हे उपयोगी पडावं.

तारखा लिहा, आणि आजच लिहा

आमच्याकडे पुठ्ठ्याला खाचा पाडणाऱ्या स्लॉटिंग मशीनवर बिहारच्या सिवान जिल्ह्यातला एक भैया होता. (मुंबईकडे हा शब्द ज्या सुरात म्हणतात तो सूर इथं लावू नका. इंदूरात भैया म्हणजे भाऊ.) तो आणि आणखी अकरा जण गोदामावरच्या पत्र्याच्या खोलीत राहायचे. एका संध्याकाळी त्यानं शर्टाच्या आतून एक पुठ्ठ्याचा तुकडा काढून माझ्यापुढे धरला. खोक्याचं झाकण होतं ते, वीतभर रुंद. एका बाजूला वर जाणारा बाण आणि छत्री छापलेली, कोऱ्या बाजूला बॉलपेननं उभ्या रेघा. एक रेघ म्हणजे एक दिवस. रेघेच्या डोक्यावर टिंब म्हणजे त्या दिवशी आठ तासांपेक्षा जास्त. गोल म्हणजे ठेकेदारानं खर्ची (हातखर्चाचे पैसे) दिली, गोलात आकडा. दुसऱ्या ओळीत खळीचा डाग पडून तीन रेघा पुसल्या गेल्या होत्या, त्याच्या शेजारी त्यानं बारीक अक्षरात "यहाँ तीन" असं लिहून ठेवलं होतं. टिंबाविना एकही रेघ मला दिसेना. मी विचारलं, "सुट्टी कधी?" तो म्हणाला, "दीदी, छुट्टी का निशान सोचा ही नहीं."

पुढे आमचं जे काही उभं राहिलं ते या झाकणावर उभं राहिलं. म्हणून पहिली गोष्ट ही. वही घ्या, जुनी डायरी घ्या, काही नसेल तर झाकण घ्या, पण रोजच्या रोज लिहा. तारीख, आत कधी आलात, बाहेर कधी पडलात, काम कुणी सांगितलं, कोणत्या मशीनवर. पैसे मिळाले तर किती, रोख की फोनवर, कुणाच्या हातून. महिनाअखेरीस आठवून भरलेली वही अधिकाऱ्याला चटकन ओळखू येते: सगळी एकाच शाईत असते, सगळ्या दिवशी नऊला नऊ. खऱ्या वहीत शाई बदलते, एखाद्या दिवशी "लाइट गेली, दीड तास बसून" असं असतं. तसं असू द्या.

दर रविवारी त्या पानाचा फोटो काढून कारखान्याबाहेरच्या एका भरवशाच्या माणसाला पाठवा. फोटोवर तारीख आपोआप राहते, आणि वही कुणी हिसकावली तरी हिशेब वाचतो. ठेकेदाराचे व्हॉट्सॲपवरचे निरोप, "कल सात बजे आ जाना" एवढंसं असलं तरी, पुसू नका. तुम्ही तिथं कामाला होता हे तेवढ्यानंही दिसतं.

हे का एवढं? कारण पगार दिला हे सिद्ध करण्याची जबाबदारी कायद्यानं मालकावर टाकली आहे. वेतन संहितेत, म्हणजे पगाराबद्दलच्या नव्या कायद्यात, तसं स्पष्ट आहे. पण तुम्ही तिथं किती दिवस आणि किती तास होता, हे तुम्हाला ठामपणे सांगता आलं पाहिजे. तुमच्याकडे तारखा, त्याच्याकडे कोरं रजिस्टर, अशी वेळ आली की पारडं तुमच्याकडे झुकतं.

महिन्याचा आकडा सोडा, तासाचा भाव काढा

आता या लेखातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट.

आमच्या पेस्टिंगमध्ये आम्ही चौदा बायका, बहुतेक परदेशीपुरा, पाटनीपुरा, कुलकर्णी का भट्टा या भागातल्या. आम्हाला महिना ८,५०० मिळायचे, नऊ ते साडेपाच, मध्ये अर्धा तास जेवण. गोदामावरच्या भावांना मिळायचे १२,०००. आम्ही चिडलेल्या. बाहेरून आले आणि आमच्यापेक्षा साडेतीन हजार जास्त घेतात! मीही त्यात होते, खोटं कशाला सांगू. पगारवाढ मागितली की सुपरवायझर म्हणायचा, "तुम्हाला वाढवले तर त्यांचे कमी करावे लागतील." त्यांना सांगायचा, "बायका तुमच्याविरुद्ध तक्रार करताहेत." दोन्ही बाजू गप्प.

ते झाकण घेऊन मी माझ्या स्वयंपाकघरात बसले आणि हिशेब मांडला. आमचे ८,५०० भागिले २६ दिवस, म्हणजे रोजचे ३२७. भागिले आठ तास: तासाला जवळपास ४१ रुपये. त्यांचे १२,००० भागिले ३०, कारण सुट्टीच नाही, म्हणजे रोजचे ४००. भागिले बारा तास: तासाला ३३. मी तीनदा करून पाहिलं. ज्यांच्यावर आम्ही जळत होतो त्यांना तासाला आमच्यापेक्षा आठ रुपये कमी मिळत होते.

मग कायद्याचा दर घेतला. मध्य प्रदेशात १ एप्रिल २०२४ पासून अकुशल कामगाराचं किमान वेतन महिना ११,८०० ठरलं, म्हणजे २६ दिवसांच्या हिशेबानं रोजचे ४५४. या दरावर मे २०२४ मध्ये उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठानं स्थगिती दिली होती, ती डिसेंबर २०२४ मध्ये उठली, तेव्हाच आम्ही हिशेबाला बसलो होतो. आमचा प्रत्येकीचा महिन्याला ३,३०० चा तोटा. आणि भावांचा? आठ तासांवरच्या प्रत्येक तासाला दुप्पट दर द्यावा लागतो. चार तास दुप्पट दरानं म्हणजे आणखी आठ तासांची मजुरी. म्हणजे बारा तासांचा एक दिवस हा पगाराच्या हिशेबात दोन दिवसांचा आहे. ४५४ अधिक ४५४, रोजचे ९०८. हातात पडत होते ४००.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी हे एका पुठ्ठ्यावर मोठ्या आकड्यांत लिहून बायकांपुढे ठेवलं: ४१, ३३ आणि खाली ४५४. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग आमच्यातली सगळ्यात तिखट जिभेची काकी म्हणाली, "म्हणजे ते स्वस्तात आहेत म्हणून आपण स्वस्तात आहोत." तिनं माझ्यापेक्षा नेमकं सांगितलं.

तर तुमच्या कारखान्यात, हॉटेलात, बांधकामावर, जिथं असाल तिथं, महिन्याचा आकडा विसरा. प्रत्येक गटाचा तासाचा भाव काढा आणि एकाच कागदावर शेजारी शेजारी लिहा. पीस रेटवर, म्हणजे नगामागे पैसे असं काम असेल तर आठ तासांत साधारण किती नग होतात ते मोजा आणि त्याची मजुरी दिवसाच्या किमान दरापर्यंत पोचते का पाहा. पीस रेट असला तरी किमान वेतनाखाली जाता येत नाही. दर महागाई भत्त्यानं १ एप्रिल आणि १ ऑक्टोबरला बदलतो, म्हणून माझे आकडे पाठ करू नका, श्रम विभागाचा चालू तक्ता काढा. कापड आणि तयार कपड्यांच्या कामावर असाल तर त्या उद्योगाचा दर वेगळा तपासा. किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणं म्हणजे वेठबिगारी, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८२ मध्ये दिल्लीच्या एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात म्हटलं आहे. हे वाक्य मी सभेत नेहमी सांगते, कारण आपल्याला वाटतं की कमी पगार म्हणजे नशीब, फार तर मालकाचा कंजूषपणा.

परदेशी कोण

आमच्या परदेशीपुऱ्याच्या नावातच परदेशी आहे. माझे आजोबा अमळनेरकडून इथल्या कापड मिलमध्ये कामाला आले ते एक पेटी आणि एक कांबळं घेऊन. उत्तरेकडचे आले, खानदेशातले आले, माळव्याच्या खेड्यांतले आले, आणि त्यांच्या पोरांचं इंदूर झालं. मालवा, हुकुमचंद, राजकुमार, स्वदेशी, कल्याण या मिलच्या कामगारांनी अनंत चतुर्दशीच्या झांक्या (मिरवणुकीतले देखावे) वर्गणीतून उभ्या केल्या, आणि मिल बंद पडल्यावरही त्या निघत राहिल्या. माझे बाबा त्या वर्गणीची वही सांभाळायचे. चार आणे असो की दहा रुपये, पावती द्यायचेच, आणि शेवटी सगळा हिशेब मोठ्यानं वाचून दाखवायचे. संघटना कशी चालवायची हे मी कुठल्या शिबिरात शिकले नाही, त्या वहीवरून शिकले.

म्हणून समिती करताना पहिली जागा बाहेरगावच्या माणसाला द्या. नंतर "त्यांनाही घेऊ" असं म्हणू नका, नंतर कधी येत नाही. त्यांचा पगार सगळ्यांत खाली असतो, त्यांच्यावर दाब सगळ्यांत जास्त असतो, आणि मालक त्यांनाच आपल्याविरुद्ध वापरतो. आमच्या सात जणांत तीन गोदामावरचे भाऊ होते, तीन आम्ही बायका आणि एक लोडिंगचा झाबुआकडचा दादा. सभा हिंदीत. एक-दोघं अडले की कुणी भोजपुरीत, कुणी भिलीत समजावून सांगे. मराठीत आपसात कुजबुजायचं नाही, हा नियम मीच घातला, कारण न कळणाऱ्या भाषेत दोघी बोलल्या की तिसऱ्याला वाटतं आपल्याबद्दलच चाललंय.

सभा कारखान्याच्या आत किंवा गेटवरच्या टपरीवर घेऊ नका. जे कारखान्यातच राहतात त्यांना रात्री बाहेर पडता येत नाही, तेव्हा वेळ त्यांच्या सोयीची ठेवा. आमचे भाऊ रविवारी भाजी आणायला बाहेर पडत, तेवढे दोन तास आमचे. पहिल्या दिवशी मी वरण-भात, बटाट्याची भाजी आणि लोणचं केलं होतं. ते बारा जण ओट्यावर बसून जेवले. एक जण म्हणाला की इंदूरला येऊन चार वर्षं झाली, कुणाच्या घरी पहिल्यांदा जेवतोय. त्या दिवशी मी हिशेबाचा कागद काढलाच नाही, पुढच्या रविवारी काढला.

महिन्याला वीस रुपये वर्गणी, पावती पुस्तक, पैसे काढायला दोघांच्या सह्या, त्यातली एक बाहेरगावच्या माणसाची. प्रत्येक सभेच्या सुरुवातीला जमा-खर्च मोठ्यानं वाचायचा.

कायद्यातलं, कामापुरतं

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रम संहिता, म्हणजे कामगारांबद्दलचे चार नवे कायदे, लागू झाल्या आहेत. आम्ही लढलो तेव्हा जुना कायदा होता, आता तुमच्यासाठी हे बदललंय.

किमान वेतनाचा दावा करायला पूर्वी सहा महिन्यांची मुदत होती, आता तीन वर्षं आहे. एका कारखान्यातल्या कितीही कामगारांसाठी एकच अर्ज चालतो. कामगार स्वतः करू शकतो, तो ज्या नोंदणीकृत युनियनचा सभासद आहे ती करू शकते. बुडवलेल्या रकमेवर दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार सुनावणी करणाऱ्या अधिकाऱ्याला आहे. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत, रोजंदारी त्याच दिवशी पाळी संपताना, आणि नोकरी सोडली किंवा काढून टाकलं तर सगळा हिशेब दोन कामाच्या दिवसांत. नेमणुकीचं पत्र आणि पगाराची चिठ्ठी मागा, ती तुमचा हक्क आहे. बाईला बाई म्हणून कमी पगार देता येत नाही. उचल, दंड, सगळं धरून पगाराच्या निम्म्यापेक्षा जास्त कापता येत नाही. ठेकेदारानं पैसे बुडवले तर ज्या कारखान्यासाठी काम केलं त्याच्यावर ते देण्याची जबाबदारी येते. म्हणून "ठेकेदाराला विचारा, आमचा संबंध नाही" हे उत्तर ऐकून परत फिरू नका.

वीस किंवा जास्त कामगार असतील तिथं तक्रार निवारण समिती असलीच पाहिजे, निम्मे सभासद कामगारांचे, बायकांचं प्रमाण राखून. आमच्याकडे ती नव्हती. तुमच्याकडे नसेल तर लेखी मागणी करा. अधिकाऱ्यासमोर ते पत्र फार कामाला येतं.

परप्रांतीय कामगार म्हणजे दुसऱ्या राज्यातून आलेला, मग ठेकेदारानं आणलेला असो की स्वतःहून आलेला, महिना १८,००० पर्यंत पगाराचा. त्याला गावी जाऊन येण्याचं भाडं मालकानं द्यायचं असतं. सिवानचा माणूस यात बसतो. झाबुआ-आलीराजपूरचा माणूस इंदूरला आला तर बसत नाही, कारण राज्य एकच. तोच बडोद्याला किंवा सुरतेला गेला की बसतो. झाबुआकडचे दादा-वहिनी बहुतेक बांधकामावर असतात, त्यांनी वर्षात नव्वद दिवस काम केलेलं असेल तर बांधकाम कामगार म्हणून नोंदणी करून घ्यावी. ज्यांचा पीएफ किंवा ईएसआय कापला जात नाही त्यांनी ई-श्रम कार्ड, म्हणजे असंघटित कामगारांचं सरकारी नोंदणी कार्ड, काढावं. आणि बिहारच्या रेशनकार्डावर इंदूरच्या दुकानात धान्य मिळतं, हे आमच्या बारापैकी अकरा जणांना माहीत नव्हतं. पगाराच्या लढाईत उतरायच्या आधी घरात महिन्याचं धान्य असलं की माणसाचा आवाज वेगळा निघतो.

ठेकेदारानं आधार कार्ड ठेवून घेतलं असेल तर भांडत बसू नका. कोणत्याही ऑनलाइन सेंटरवर ई-आधार छापून मिळतं. मूळ कार्ड अडकवून माणूस अडकत नाही, हे एकदा कळलं की निम्मी भीती जाते. पीएफ कापतात असं सांगत असतील तर उमंग या सरकारी ॲपवर पासबुक उघडून पाहा. आमच्यातल्या दोघांचा पीएफ पगारातून कापला जात होता आणि पासबुकात एक पैसा नव्हता. ते आमच्या अर्जातलं सगळ्यात जड पान ठरलं.

अर्ज

मध्य प्रदेशच्या श्रमायुक्तांचं मुख्य कार्यालय भोपाळला नाही, इंदूरलाच आहे, तरी तुमचा अर्ज तुमच्या भागाच्या श्रम कार्यालयात जातो. सांवेर रोड इंदूर जिल्ह्यात, पण पीथमपूर धार जिल्ह्यात येतं. पीथमपूरचे कितीतरी लोक इंदूरला येऊन दोन-दोन दिवस घालवतात आणि "धारला जा" ऐकून परततात. आधी कारखाना कोणत्या जिल्ह्यात आहे ते पाहा.

अर्ज हिंदीत, साध्या शब्दांत. वरती ठेकेदार आणि कारखाना, दोघांचीही नावं विरोधी पक्ष म्हणून. कारखान्याचं नाव गेटवरच्या पाटीवर आहे तसंच उतरवा, फोटोही जोडा. खाली तक्ता: प्रत्येकाचं नाव, कधीपासून, काम काय, रोजचे तास, मिळालेला पगार, द्यायला हवा होता तो, फरक. मजकुरात राग नको. "आमचं रक्त शोषतात" असं आमच्या पहिल्या मसुद्यात होतं, ते मी काढलं आणि त्या जागी एका महिन्याचे आकडे घातले. सह्या गोलाकार घ्या, म्हणजे पहिली सही कुणाची हे कळत नाही. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पोच नाही तर अर्ज दिलाच नाही असं समजा.

महिना गेला आणि काही हललं नाही तर दहा रुपये भरून माहितीच्या अधिकारात विचारा: अमुक क्रमांकाच्या अर्जावर काय कारवाई झाली. फाइल हलते. १८१ या सीएम हेल्पलाइनवरही नोंद करता येते. वकील परवडत नसेल तर १५१०० वर फोन करून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मागा.

आणि थकबाकी साचू देऊ नका. हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली, कामगारांच्या देण्याचे २२४ कोटी सुटले ते २५ डिसेंबर २०२३ ला. बत्तीस वर्षं. आमच्या गल्लीत त्या यादीत नाव असलेले आजोबा होते, पैसे आले तेव्हा खात्यावर सही त्यांच्या सुनेची होती. दोन महिन्यांचा पगार अडकला की तिसऱ्या महिन्याला अर्ज द्या, दोन वर्षांचा साचवून नव्हे.

दाब येतो तेव्हा

सुनावणीची नोटीस कारखान्यात पोचली त्या दिवशी ठेकेदार गोदामावर गेला आणि म्हणाला, उद्या सगळ्यांचं तिकीट काढतो, गावी जा. त्या रात्री साडेदहाला मला फोन आला. आम्ही आधीच ठरवून ठेवलं होतं: कुणीही एकटा कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही करणार नाही, आणि कुणाला एकट्याला ऑफिसात बोलावलं तर दुसरा दारापर्यंत सोबत जाईल. सकाळी आम्ही चौदा बायका पाळीच्या वीस मिनिटं आधी गेटवर उभ्या राहिलो. घोषणा नाहीत, काही नाही, नुसत्या उभ्या. बारा भाऊ खाली आले, आमच्याबरोबर आत गेले आणि मशीनवर बसले. तिकीट कुणाचंच निघालं नाही.

काम मात्र रागाच्या भरात बंद करू नका. संपाआधी नोटीस द्यावी लागते आणि नोटिशीनंतर चौदा दिवस थांबावं लागतं. निम्म्या किंवा त्याहून जास्त लोकांनी एकाच दिवशी मिळून रजा टाकली तरी तो संपच धरतात. बेकायदा संपात पगारही जातो आणि मालकाच्या हातात काठी येते. युनियनची नोंदणी करायला किमान सात जण अर्ज करू शकतात, पण कारखान्यातले दहा टक्के किंवा शंभर कामगार, यांतला लहान आकडा जो असेल तेवढे सभासद हवेत. नवी काढण्याऐवजी जुन्या युनियनला जोडून घ्यायचं असेल तर झेंड्याच्या रंगावरून ठरवू नका. तुमच्या रविवारच्या सभेला कोण येतं, आणि आलेला माणूस बोलतो जास्त की ऐकतो, ते पाहा.

आमचं काय झालं ते सांगते. सुनावणीच्या तिसऱ्या तारखेला मालक तडजोडीला आला. पगार किमान दरावर आला, रविवारची सुट्टी सुरू झाली, सहा महिन्यांचा फरक तीन हप्त्यांत ठरला. तिसरा हप्ता मिळवायला आणखी दोनदा जावं लागलं. ओव्हरटाइम दुप्पट दरानं मान्य झाला, पण मालकानं बारा तासांचं काम नऊवर आणलं. दोघा भावांना ते रुचलं नाही, त्यांना घरी जास्त पैसे पाठवायचे होते, ते दुसरीकडे गेले. मला अजून त्यांची आठवण होते. तडजोड लिहिण्याआधी त्या दोघांशी मी वेगळं बसायला हवं होतं. तुम्ही बसा.

गावी जाण्याआधी

प्रकरण चालू असताना बिहारकडचा छठचा सण येतो, लगीनसराई येते, घरी कुणी आजारी पडतं, आणि बाहेरगावचा माणूस निघतो. मालक याचीच वाट पाहत असतो. म्हणून गाडीच्या आदल्या दिवशी प्रत्येकाकडून चार गोष्टी घेऊन ठेवा: इथल्या एका साथीदाराला आपल्या वतीनं हजर राहण्याचं सही केलेलं अधिकारपत्र, बँक पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो, गावाकडचा एक असा नंबर जो बंद पडत नाही (बहुधा आईचा किंवा बायकोचा), आणि त्या दिवसापर्यंतच्या हजेरीची प्रत, तिच्यावर त्याची सही. रक्कम थेट खात्यात जमा व्हावी असं तडजोडीच्या कागदात लिहून घ्या, "ठेकेदारामार्फत" हा शब्द कुठंही राहू देऊ नका.

झाकणवाला भैया दुसऱ्या हप्त्याआधीच गावी गेला, वडिलांचं ऑपरेशन होतं. त्याचं अधिकारपत्र माझ्या नावावर होतं. तिसरा हप्ता जमा झाला त्या संध्याकाळी त्याच्या बायकोचा फोन आला, आम्ही कधी बोललो नव्हतो. तिनं आधी आकडा वाचून दाखवला, मग विचारलं, "दीदी, हिसाब पूरा है?" मी पेटीतून झाकण काढलं, डागाजवळच्या त्या तीन रेघा धरून पुन्हा मोजलं, आणि तिला सांगितलं की पूर्ण आहे.